मॉनिटरवर बीपी छान, बोटं मात्र गार

गुंगीवाली (धागाकर्ती)

परवा पित्ताशयाच्या खड्यांच्या धाग्यावर एकांनी लिहिलं होतं की भूल देणारे डॉक्टर वजनाचा बाऊ करतात, कारण त्यांना बिल फुगवायचं असतं. तिथेच उत्तर खरडायला घेतलं. ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

आधी ओळख. मी फिरती भूलतज्ज्ञ, चोवीस वर्षं झाली. गाडीच्या डिकीत बॅग असते आणि पहाटे फोन येतो, "मॅडम, साडेसातला सिझर आहे, निघा." सांगली-मिरजेच्या पट्ट्यात बरीच छोटी हॉस्पिटलं अशीच चालतात.

मागची एक केस सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बावन्न वर्षांच्या काकू, उंची १५४ सेंमी, वजन ९६ किलो. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं. आदल्या दिवशी तपासायला गेले तर म्हणाल्या, "वजनाचं सोडून बोला, बाकी सगळं नॉर्मल आहे." रिपोर्ट खरंच नॉर्मल होते. ईसीजी, साखर, क्रिएटिनिन, सगळं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर घेतलं. प्रोपोफॉल (भुलेचं औषध) दिलं, श्वासाची नळी घातली, बीपीचा वरचा आकडा ८४ वर आला. हे होतंच. फेनिलएफ्रिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी चढवणारं औषध) दिलं, चढला. सर्जननी पोटात गॅस भरला आणि टेबल डोक्याकडून उंच करायला सांगितलं, म्हणजे आतडी खाली सरकतात आणि पित्ताशय मोकळं दिसतं. बीपी पुन्हा घसरलं, मी पुन्हा फेनिलएफ्रिन. असं दोनतीनदा झालं. वीस मिनिटांनी मॉनिटरवर १२६/८०. पुस्तकात छापावं असं.

सवयीने काकूंचा हात हातात घेतला. बोटं गार, नखं फिकट. पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवत होता, पण त्याची लाट, जी एरवी डोंगरासारखी उठते, ती जेमतेम हलत होती. बोटाचं टोक दाबून सोडलं तर गुलाबी रंग परतायला चार सेकंदांच्या वर लागले. तीनच्या आत यायला हवा.

मग लक्षात आलं की दंडाला पट्टा मध्यम मापाचा बांधलाय. जाड दंडावर लहान पट्टा बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मोठा मागितला, तर तो नव्हता. तोच सोडून कोपराखाली बांधला. १०८. म्हणजे मी ज्या १२६ वर खूश होते तो आकडाच फुगीर होता, आणि जो काही दाब होता तो औषधाने नळ्या आवळून आणलेला होता.

सर्जनना म्हटलं, गॅसचा दाब १४ वरून १० वर आणा, टेबल थोडं सपाट करूया. अडीचशे मिली सलाईन सोडलं, फेनिलएफ्रिन ढकलणं थांबवलं. पंधरा मिनिटांनी बीपी ११२. आकडा जवळपास तोच, पण लाट उठलेली आणि हात असा ऊबदार की दुसऱ्याच बाईचा वाटावा.

या दोन हातांच्या मधे जे आहे ते म्हणजे बारीक रक्तवाहिन्या. आपण "नसा ब्लॉक" म्हणतो त्या मोठ्या. त्या अँजिओग्राफीत दिसतात. मी म्हणतेय त्या शेवटच्या. केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रोमीटर, आणि तांबडी रक्तपेशी असते सातआठ मायक्रोमीटरची. म्हणजे बऱ्याच ठिकाणी पेशीला अंग चोरून, वाकून जावं लागतं. ऑक्सिजनची खरी देवघेव इथे होते. केशवाहिनीच्या आधी धमनिका लागतात, त्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि तो स्नायू आवळून-सैलावून कुठे किती रक्त जाणार ते ठरवतो. त्याला हुकूम देतं आतलं अस्तर, एन्डोथेलियम. एकाच पेशीच्या जाडीचं असतं. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि नळी उघडते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं: फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद.

घरचं उदाहरण देते. मंडईतून जड पिशवी दोन बोटांवर लटकवून आणलीत तर बोटं पांढरी पडतात. पिशवी ओट्यावर ठेवली की क्षणात लालबुंद, गरम. नेहमीपेक्षा जास्त लाल. रक्ताचा पुरवठा तुटला होता, उपाशी राहिलेल्या पेशींनी आणि अस्तराने मिळून दारं पार उघडली, उधारी फिटेपर्यंत. संशोधनात हेच करतात, दंडावर पट्टा काही मिनिटं फुगवून ठेवतात, सोडतात, आणि हाताकडे रक्त किती जोरात परततं ते मोजतात. (घरी करू नका. पिशवीवर समाधान माना.) वजन जास्त असलेल्या अनेकांत ही उसळी बुटकी येते. रिपोर्ट नॉर्मल असतानासुद्धा.

भूल दिली की ही दारं माझ्या हातात येतात. म्हणून मी वजन विचारते. आता विचारा.

सांडगा

वाचतोय. पिशवीचं लगेच करून पाहिलं, बायकोने विचारलं बटाटे घेऊन घरात का फिरताय.

कालवेकर

उत्तम लेख ताई. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त, एकतीस वर्षं कालव्यांवर गेली. तुमचं वाचून हसू आलं, कारण आमचं दुखणं डिट्टो हेच.

हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी, पातळी पूर्ण, रजिस्टरात नोंद चोख, साहेब खूश. आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाला छोट्या चारीवर असलेल्या, शेतकऱ्याचा फोन, "रावसाहेब, चारीत पोरं क्रिकेट खेळतायत." पातळी आणि पाणी पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वरच्यांना पटवता पटवता नोकरी संपली.

एक गणिताची भर घालतो. बारीक नळीतून वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. नळी निम्मी अरुंद झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. तुमच्या धमनिका किंचित जरी आवळल्या तरी टेलची बोंब.

गुंगीवाली

कालवेकर काका, तुमचा टेल मी आता पेशंटना समजावताना वापरणार, आधीच सांगून ठेवते.

फक्त आमच्या चारीची दारं थोडी शहाणी असतात. पाटकऱ्याची वाट बघत नाहीत. टेलच्या स्नायूला ऑक्सिजन कमी पडला की त्याचा निरोप वर जातो आणि दार आपोआप उघडतं. शिवाय एरवीही ती दारं मिनिटाला काही वेळा हलकेच उघडमीट करत असतात, पाळीपाळीने पाणी दिल्यासारखी. भूल दिली की ही उघडमीट मंदावते. प्रोपोफॉल किंवा सेवोफ्लुरेन दिलं की सगळी दारं एकदम सैल पडतात, वरची पातळी उतरते. मी आवळायचं औषध देते, पातळी चढते, रजिस्टर चोख. टेलला काय झालं हे मॉनिटर सांगत नाही.

ज्याच्या दारांना निरोप नीट पोचतात त्याच्या शरीरात यातूनही वाट निघते. अस्तर मुळात थकलेलं असेल तर राखीव काही उरत नाही.

म्हणून आवळणारी औषधं वाईट असा अर्थ काढू नका. सरासरी दाब ६५ च्या खाली रेंगाळू दिला तर मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही सोसतात. नॉरॲड्रेनॅलिनने मी माणसं वाचवलीत. प्रश्न इतकाच की पातळी कशाने आणली: धरणात पाणी आहे म्हणून, की दारं बंद आहेत म्हणून.

रानजाई

मला कळलं ते असं, की चरबीमुळे नळ्यांच्या आत थर जमतो. बरोबर ना?

आणि दुसरं, माझा बीएमआय (उंचीच्या हिशेबात वजन) २४, म्हणजे मी यातून सुटले. (मधुमेह आहे, गोळ्या चालू.)

गुंगीवाली

रानजाई, दोन्हीवर थोडं थांबायला लागेल.

थर जमणं हे मोठ्या धमन्यांचं प्रकरण. बारीक नळ्यांत भानगड वेगळी आहे. चरबीची पेशी फुगत फुगत शंभर मायक्रोमीटरच्या पलीकडे जाते. केशवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन साधारण तेवढंच अंतर चालू शकतो. चरबी वाढते त्या वेगाने नवे रक्तमार्ग फुटत नाहीत, त्यामुळे मधल्या पेशी घुसमटतात. मग तिथे सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी जमतात आणि दाह पेटता ठेवणारी रसायनं रक्तात सुटत राहतात, टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ वगैरे. ॲडिपोनेक्टिन नावाचं नळ्यांना जपणारं संप्रेरक उलट कमी होतं. या सगळ्याचा मारा अस्तरावर होतो आणि नायट्रिक ऑक्साइड बनलं तरी टिकत नाही. इन्सुलिनचं एक कमी माहीत असलेलं काम म्हणजे स्नायूतल्या बारीक नळ्या उघडणं. इन्सुलिनला शरीर जुमानेनासं झालं की तेही मंदावतं.

गंमत अशी की नळीचा स्नायू बहुधा ठीकच असतो. त्याला बाहेरून नायट्रिक ऑक्साइड दिलं (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात त्या गोळीचं काम हेच) तर तो सैलावतो. आतल्या अस्तराला "तू सांग" म्हटलं की मात्र निरोप अर्धवट येतो. शिपाई धडधाकट आहे, साहेब रजेवर.

आता बीएमआय. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. गोऱ्यांचे २५ आणि ३० आपल्याला लागू नाहीत. का, हे बघायला पुण्यातलंच उदाहरण आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघे सारखेच.

कमरेला टेप लावा. बाईची ८० सेंमी आणि पुरुषाची ९० सेंमी ही आपल्याकडची मर्यादा. मधुमेह आहे म्हणजे अस्तराची परीक्षा आधीच सुरू झालीय, वजन काहीही असो.

रानजाई

८७. आभार मानू की रागावू कळत नाहीये.

खडीसाखर२

इतके दिवस कुठे लिहिलं नव्हतं. माझ्या यजमानांचं बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, वजन ११८. आठव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं, मग जखम उघडली, दोन महिने ड्रेसिंग. राऊंडला आलेले डॉक्टर त्यांच्यासमोरच नर्सला म्हणाले, "चरबीत टाके धरत नाहीत, यांनी खाणं कमी केलं असतं तर ही वेळ आली नसती." ते गप्प ऐकत पडले होते. त्या दिवसापासून स्वतःहून दवाखान्याची पायरी चढत नाहीत. बीपीची गोळी संपली तरी सांगत नाहीत.

मला एवढंच विचारायचंय, खरंच दोष त्यांचा होता का?

गुंगीवाली

खडीसाखर ताई, ते बोलणं चुकीचं होतं आणि अर्धवटही.

जखमेला भरायला ऑक्सिजन लागतो, आणि जंतूंना मारायलाही. पांढऱ्या पेशी जंतूंवर जे हत्यार चालवतात ते ऑक्सिजनपासून बनतं. कातडीखालच्या चरबीत मुळात रक्त कमी खेळतं. २००४ साली 'ॲनेस्थेसियॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ऑपरेशन चालू असताना कातडीखाली बारीक नळी घालून ऑक्सिजनचा दाब मोजला. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन दोन्ही गटांत सारखा राखला होता, तरी ऊतीत तो लठ्ठ पेशंटमध्ये सुमारे ३६ आणि इतरांत ५७ मिमी पारा भरला. म्हणजे हेडला सारखंच सोडलं, टेलला पोचलं वेगळं. हे ऑपरेशन चालू असताना, माणूस गाढ भुलेत असताना घडतं. त्यात त्याची इच्छाशक्ती कुठून आणायची?

आणि यातलं बरंच काही आमच्या हातात असतं. पेशंट गार पडला की कातडीकडच्या नळ्या आवळतात. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेला अभ्यास आम्हाला अजून शिकवतात: आतड्याच्या ऑपरेशनचे २०० पेशंट, गार राहू दिलेल्यांत १९ टक्के जखमा पिकल्या, ऊब राखलेल्यांत ६ टक्के. आश्चर्य म्हणजे भुलेत लठ्ठ पेशंट बारीक माणसापेक्षा हळू गार पडतात, पण म्हणून ब्लँकेट लावायचं नाही असं होत नाही. चीर देण्याआधीचं अँटिबायोटिकही वजन बघून द्यायचं असतं. सेफॅझोलिन एरवी २ ग्रॅम, १२० किलो आणि त्यापुढे ३ ग्रॅम. वेदना नीट न मारल्यानेही नळ्या आवळतात.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत यातलं काय झालं, काय नाही, मला माहीत नाही. पण "खाणं कमी केलं असतं तर" हे वाक्य वैद्यकशास्त्रात बसत नाही. बीपीच्या गोळीसाठी त्यांना दुसऱ्या कुणाकडे तरी न्या. गोळी बंद ठेवणं जखमेपेक्षा महागात जाईल.

पट्टीचा_खवय्या

एवढा काथ्याकूट कशाला? कमी खा, चाला. प्रश्न मिटला.

सांडगा

@पट्टीचा_खवय्या, वरचा प्रतिसाद वाचलात का? नाव तरी बदला.

शंकासुर

मी एमडी मेडिसिन. धागा छान चाललाय, म्हणून मिठाचा खडा टाकतो.

एक, हे अभ्यास बहुतेक छोटे आहेत, वीस-चाळीस पेशंटचे. मोजायच्या पद्धतीही वेगळ्या. कुणी जिभेखाली कॅमेरा लावतो, कुणी कातडीवर लेझर, कुणी तळहातावर अवरक्त प्रकाश टाकतो. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला जुळेलच असं नाही. दोन, लठ्ठपणा एकटा कधी येतच नाही. सोबत मधुमेह, बीपी, घोरणं, बसून काम. नळ्या कोणामुळे बिघडल्या ते वेगळं काढणं अवघड. तीन, आयसीयूत मध्यम लठ्ठ माणसं कधी कधी बारीक माणसांपेक्षा बरी तगतात, असंही पुन्हा पुन्हा दिसलंय. चार, समजा काकूंच्या नळ्या खराब आहेत हे मोजलंही, तर तुम्ही वेगळं काय करणार होतात?

गुंगीवाली

डॉक्टर, पहिले तिन्ही मुद्दे मान्य. त्यात भरही घालते. अवरक्त प्रकाशाचं यंत्र जाड चरबीच्या थरावर लावलं तर प्रकाश स्नायूपर्यंत पोचतच नाही, आणि आपण चरबीच मोजत बसतो. म्हणून ते अंगठ्याखालच्या उंचवट्यावर लावतात, तिथे जाड माणसातही चरबी पातळ असते. शिवाय भुलेत शरीराची ऑक्सिजनची गरजच घटते, त्यामुळे आकडे सुधारल्यासारखे दिसतात. लठ्ठ म्हणजे नळ्या खराबच, असं मी कुणाबद्दलही म्हणणार नाही. नियमित चालणारा शंभर किलोचा माणूस माझ्या टेबलावर मजेत झोपलेला पाहिलाय, आणि सिगरेट ओढणाऱ्या साठ किलोच्याने घाम फोडलेलाही.

चौथ्यावर मात्र अडते. वेगळं काय करणार? काकूंच्या बाबतीत जे केलं तेच, फक्त वीस मिनिटं आधी. त्याला यंत्र लागत नाही. बोट दाबा, सेकंद मोजा. सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा) याच साध्या चाचणीची तुलना रक्तातल्या लॅक्टेटशी (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं रसायन) २०१९ साली केली, ४२४ पेशंटवर, आणि बोट दाबणं काही मागे पडलं नाही. भुलेतलं चित्र वेगळं आहे हे कळतं मला. तरी हात लावायला पैसे पडत नाहीत.

दुसरं म्हणजे प्रत्येकाला स्वतःच्या दाबाजवळ ठेवणं. फ्रान्समधला २०१७ सालचा अभ्यास तुम्हाला माहीत असेलच. मोठी ऑपरेशनं, जोखमीचे पेशंट. ज्यांचा वरचा दाब त्यांच्या नेहमीच्या आकड्याच्या दहा टक्क्यांत राखला, त्यांच्यात अवयव बिघडण्याचं प्रमाण ३८ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५२. आता त्यासाठी माणसाचा नेहमीचा आकडा खरा हवा ना? आणि तो आपण चुकीच्या पट्ट्याने घेतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मोजून पाहिलं: ज्याला सगळ्यांत मोठा पट्टा लागतो त्याला नेहमीचा बांधला तर वरचा आकडा जवळजवळ २० ने जास्त येतो. वीस! एवढ्यावर आपण गोळ्या वाढवतो.

शंकासुर

पट्ट्यावर शंभर टक्के सहमत. माझ्या ओपीडीतला मोठा पट्टा कपाटात आहे आणि किल्ली सिस्टरकडे, हे आत्ता आठवलं. बाकी मुद्द्यांवर नंतर येतो.

मोगरा_फुलला_नाही

माझं वजन १०४, गर्भाशय काढायचंय, अडीच महिन्यांनी तारीख. मैत्रीण म्हणते वीस किलो उतरव. जमणार नाही हे मलाच माहितीय. मग नळ्या तशाच घेऊन जायचं का? शिवाय मी वजनाचं ते आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलंय. घरात कुणाला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही.

गुंगीवाली

इंजेक्शनचं आधी. भूल देणाऱ्याला सांगाच, आजच ठरवून टाका. या औषधाने जठर उशिरा रिकामं होतं. बारा तास उपाशी राहूनही पोटात अन्न सापडतं, आणि भुलेत ते उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने जून २०२३ मध्ये आठवडाभर आधी बंद करा म्हटलं होतं, २०२४ मध्ये ते सैल केलं: बऱ्याच जणांनी चालू ठेवलं तरी चालेल, पण जोखीम बघून आणि गरज पडली तर आदल्या दिवशी फक्त पातळ आहार घेऊन. तुमच्याबाबत काय करायचं ते तुमचा भूलतज्ज्ञ ठरवेल, त्याला माहीत असेल तर. घरच्यांना सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न.

वीस किलोचं विसरा. अस्तर काट्यापेक्षा लवकर ऐकतं. रोज अर्धा-पाऊण तास दम लागेल असं चालणं काही आठवडे चाललं की नळ्या उघडण्याची ताकद सुधारते, वजन हललं नाही तरीही. कारण सरळ आहे, रक्त जोरात वाहिलं की अस्तरावर घासतं आणि त्या घासण्यानेच नायट्रिक ऑक्साइड जास्त बनतं. अडीच महिने भरपूर आहेत. तंबाखू, मिश्री, काही असेल तर आज बंद. साखर आणि बीपी आधी ताळ्यावर आणा.

घोरता का? झोपेत श्वास अडून दचकून जाग येते का? तसं असेल तर तेही सांगा. रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होत राहिला की अस्तराची झीज होते, आणि भुलेनंतर श्वास अडायचा धोका वेगळाच. मशीन लावून झोपत असाल तर ते हॉस्पिटलात घेऊन या, लाजू नका.

टेबलावर उशांचा ढीग लावून डोकं-खांदे उंच केले तर घाबरू नका. सपाट झोपवून भूल दिली की पोट फुप्फुसांवर चढतं आणि ऑक्सिजनचा साठा झपाट्याने संपतो. मास्कने नीट ऑक्सिजन भरून घेतलेल्या सडपातळ माणसाचा श्वास थांबला तर मला सहाआठ मिनिटं मिळतात, तुमच्या वजनाला तीनही नाहीत. तो मास्क गुदमरल्यासारखा वाटतो, तरी मोठे श्वास घ्या. आमच्या दृष्टीने तीच तुमची शिदोरी.

मोगरा_फुलला_नाही

आज भूलतज्ज्ञ मॅडमना फोन करून इंजेक्शनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बोललात, माझ्याकडच्या निम्म्या बायका लपवतात." उद्यापासून तळ्याला फेऱ्या.

खडीसाखर२

ताई, तुमचा प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. रात्री म्हणाले, "ते ३६ आणि ५७ परत वाच."

सांडगा

धागा वाचनखूण केलाय. अवांतर: पहिल्यांदा केशवाहिन्या पाहिल्या मालपिघीने, १६६१ मध्ये, बेडकाच्या फुप्फुसात. हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केलं, पण धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून ते त्याला दिसलं नव्हतं. म्हणजे हेड आणि धरण सापडलं, टेल सापडायला तेहतीस वर्षं.

कालवेकर

सांडगेबुवा, आमच्या खात्यापेक्षा लवकर सापडला म्हणायचा.

एक बातमी द्यायची राहिली. माझंही हर्नियाचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. वजन ९८, कंबर मोजली नाही, मोजणारही नाही. काल भूल देण्याआधीची तपासणी होती. तरुण मुलगी होती, नुकतीच शिकून आलेली. बीपी घेतलं, १५८. म्हणाली, काका बीपी वाढलंय, गोळी वाढवायला लागेल, तारीख पुढे ढकलू. मी म्हटलं, बाळ, याहून मोठा पट्टा आहे का बघ. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग बालरोग वॉर्ड, आयसीयू असं करत वीस मिनिटांनी कुठून तरी घेऊन आली. पाच मिनिटं बसवलं, परत घेतलं.

१४०. तारीख आहे तीच. जाताना तिने माझं बोट दाबून सोडलं आणि मनात आकडे मोजले. मी विचारलं, किती? म्हणाली, "दोन. टेलला पाणी आहे काका." हा धागा तीही वाचतेय म्हणे.